वाकळीचा स्टुडिओ

मला गाता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शाळेत समूहगीताच्या वेळी गुरुजी मला मागच्या रांगेत उभं करीत आणि ‘नुसते ओठ हलव’ असं हळूच बजावीत. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो आणि कविता शिकवू लागलो. पण त्याही नुसत्या वाचून दाखवतो. अशा माणसाने पंचेचाळिसाव्या वर्षी घरातल्या घरात ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ थाटला, असं ऐकून तुम्ही हसाल. आमच्या पेठेतले लोकही हसले. मी मात्र त्या दिवसांत हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

गोष्ट २०२४ सालच्या जानेवारीतली. आईच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ वाढत चालली होती आणि ती काढायचं ठरलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. म्हणाले, “या ग्रंथीला अगदी चिकटून आवाजाच्या नसा जातात. आम्ही त्या जपतोच. पण कधी कधी बोलणं नीट राहतं आणि वरचा सूर तेवढा जातो. आजी गातात का?”

“छे, छे! गात वगैरे नाहीत,” मी म्हणालो.

आई शेजारच्या खुर्चीत पदर सावरून बसली होती. ती काही बोलली नाही. परतताना रिक्षा रंकाळ्याच्या कडेने निघाली, तेव्हा पाण्याकडे बघत ती म्हणाली, “जात्यावरच्या ओव्या म्हंजे गाणं न्हवं व्हय रं, बाळ?”

वाचकहो, मी गेली अठरा वर्षं महाविद्यालयात लोकसाहित्य शिकवतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या कशा गोळा केल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित कशा केल्या आणि आज त्या ‘पारी’ या संग्रहात कुणालाही कशा ऐकता येतात, हे मी दरवर्षी मुलांना मोठ्या उमाळ्याने सांगतो. आणि माझी स्वतःची आई, कागल तालुक्यातल्या एका खेड्यात पहाटे जात्यावर बसून वाढलेली, ती ‘गात वगैरे नाही’! रिक्षा घरी पोचेपर्यंत मी तिच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही.

शस्त्रक्रियेला बारा दिवस होते. तेवढ्यात आईचा आवाज कुठेतरी ठेवायला हवा होता.

तुम्ही म्हणाल, खिशात मोबाइल होता ना? होता. त्याच रात्री मी तो आईपुढे धरला. पण तिचा आवाज मुळात नाजूक, त्यात ती संकोचून अधिकच हळू गाणार. ऐकताना वाटलं, ती विहिरीच्या तळाशी बसून गाते आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात मी सहज विचारलं, तेव्हा मागच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी पुढे आला. वर्षभरात त्याने तोंड उघडलं नव्हतं. पण तो घरी स्वतःची गाणी करतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो म्हणाला, “सर, घर गोंगाटाचं असेल तर डायनॅमिक माइक घ्या. पण तो अगदी ओठांशी धरावा लागतो. आजी लाजणार असतील, लांबून हळू गाणार असतील, तर कंडेन्सर घ्या. फक्त त्याला सगळंच ऐकू येतं, एवढं ध्यानात ठेवा.”

या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला पुढे कळायचा होता.

डायनॅमिक माइकमध्ये तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक असतं. आवाजाने ते वेटोळं हलतं आणि वीज उपजते. सभेत वक्त्यापुढे असतो तो बहुधा हाच. कंडेन्सरमध्ये याहून नाजूक कारभार. केसापेक्षा कितीतरी पातळ असा एक पडदा, त्याच्या मागे अगदी जवळ धातूची एक चकती, आणि दोहोंमध्ये विजेचा भार. आवाजाने पडदा थरथरला की मधलं अंतर कमीजास्त होतं आणि तेवढ्यानेच विजेत फरक पडतो. पडदा हलका, म्हणून श्वाससुद्धा टिपतो. अमेरिकेत एडवर्ड वेन्टे यांनी हा प्रकार १९१६ मध्ये शोधला. पुढे कित्येक वर्षं तो मोठ्या स्टुडिओंची आणि नभोवाणी केंद्रांची चैन होती. नामांकित जर्मन कंडेन्सरला आजही लाखांत पैसे मोजावे लागतात. पण १९६२ मध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा पडदा तयार केला आणि छोटे माइक कवडीमोल झाले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चीनमधल्या कारखान्यांनी मोठ्या पडद्याचे माइकही प्राध्यापकाच्या खिशाला परवडतील असे करून टाकले. मी घेतला तो पावणेतीन हजारांचा. राजारामपुरीतून पेटी काखेत मारून घरी आलो, तेव्हा सौभाग्यवतींनी फक्त एवढंच विचारलं, “अहो, हे काय आता?”

पहिल्या रात्री त्या माइकने तोंडच उघडलं नाही. मी तो एका जोडणीने थेट संगणकाला लावला होता. ऐकू आली ती नुसती घूं घूं. विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, त्याला अठ्ठेचाळीस व्होल्ट लागतात. फँटम पॉवर. मधे एक ऑडिओ इंटरफेस हवा.” म्हणजे आणखी चार हजार! ती लहानशी डबी आणली, तीन टाचण्यांची जाड वायर जोडली, बटण दाबलं. तांबडा दिवा लागला. फँटम म्हणजे भूत, हे नातीने आज्जीला समजावून सांगितलं. आई म्हणाली, “भुताची ईज घरात कशापायी आणली रं?”

मग मी कानांवर हेडफोन चढवला. आमच्या घरात मी जन्मापासून राहतो आहे. पण आमचं घर मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. पंख्याची कुरकुर. फ्रिजचा घोगरा स्वर. मोरीतल्या नळाचं टपटप. शेजारच्यांची मालिका, तिच्यातल्या सासूचा प्रत्येक उसासा. दूर महाद्वार रोडच्या बाजूने येणारे हॉर्न. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आमच्या वडिलांचा रेडिओ. वडील एस.टी.त कंडक्टर होते. आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून तिकिटं फाडल्यामुळे घरातही ते मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा सुरातच बोलतात. हे सगळं वर्षानुवर्षं माझ्या कानांवर पडत होतं. पण कान मोठा शहाणा. नको ते तो गाळतो. माइकला ही निवड नाही. त्याच्या लेखी आईची ओवी आणि कुकरची शिटी यांची किंमत सारखीच.

खरं सांगतो, त्या रात्री मला वाटलं की पैसे पाण्यात गेले. पेटीवर ‘स्टुडिओसारखा आवाज’ असं ठसठशीत छापलं होतं. मग स्टुडिओ कुठाय? त्याच वेळी ध्यानात आलं, की स्टुडिओ त्या पेटीत नसतोच. तो आपल्याला बांधायचा असतो.

विद्यार्थी रविवारी घरी आला आणि आम्ही दोघे कामाला लागलो. मधली खोली निवडली. तिला रस्त्याकडे खिडकी नाही. त्याने खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळीमागून भिंतींचा खणखणाट आला. “सर, ही खोली बोलते आहे. हिला गप्प करायचं.” कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं, कोपऱ्यात गाद्या उभ्या केल्या, आणि दोन बाजूंना दोऱ्या बांधून त्यांवर वाकळी टांगल्या. वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. आईने स्वतःच्या, आजीच्या, आत्याच्या जुन्या लुगड्यांची एकावर एक घडी घालून शिवलेली. पुन्हा टाळी वाजवली. या वेळी ती वाजली आणि तिथेच विझली. बाजारात मिळणारा काळा स्पंज आमच्या वाकळीपुढे पातळ होता.

पुढचे धडेही सोपे होते. हा माइक बदामाच्या आकारात ऐकतो: समोरचं अधिक, पाठीमागचं अगदी कमी, म्हणून त्याची पाठ रस्त्याकडच्या भिंतीला केली. गाणारा जितका जवळ, तितका बाकीचा गोंगाट लहान. म्हणून अंतर एक वीत, फार तर दीड. प, फ, भ म्हणताना तोंडातून सुटणारा वारा पडद्यावर आदळू नये, म्हणून भरतकामाच्या रिंगणात पातळ नायलॉनचं कापड ताणून मधे बसवलं आणि माइक तोंडासमोरून किंचित कडेला सरकवला. स्वस्त कंडेन्सरला ‘स’ आणि ‘च’ची हाव फार, चमच्यातला च तर तो सुरीसारखा धार लावून परत देतो. कडेला सरकवण्याने तोही जरा सौम्य झाला. आवाजाची पातळी वरच्या रेषेच्या बरीच खाली ठेवायची. कमी भरलेलं मागाहून वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

एवढी सिद्धता झाल्यावर आईला आत आणून बसवलं. तिने माइककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसली. पाच मिनिटं गेली. मी म्हटलं, “आई, म्हण की.”

“याद येईना.”

“अगं, शेकड्यांनी येतात तुला!”

“हातात काम नसलं तर तोंडाला ओवी कशी यील रं?”

हे तर मी वर्गात शिकवतो! ओवी ही कष्टाची सोबतीण; खुंटा हातात आला की शब्द येतात. परीक्षेत मुलांनी असं लिहिलं की मी गुण देतो. पण जातं माइकपुढे मांडलं असतं, तर त्याच्या घरघरीत आईचा आवाज पिठासारखा दळून निघाला असता. लसूण सोलायला दिला, तर सालींची कुरकुर. तांदूळ निवडायला दिले, तर सुपाची सळसळ. शेवटी माझ्या मुलीने उपाय काढला. अर्धवट शिवलेली एक वाकळ माळ्यावर होती. तिने ती आज्जीच्या मांडीवर पसरली आणि सुई ओवून दिली. सुई कापडातून जाताना आवाज करीत नाही. राहिल्या बांगड्या. काढ म्हणायची माझी छाती नव्हती, आणि तिनेही ऐकलं नसतं. तिनेच पदराचा काठ फाडून मनगटाभोवती गुंडाळला.

आता राहिली फक्त एक गोष्ट, आणि ती बाजारात मिळत नव्हती. घराने गप्प बसायला हवं होतं. दुपारी दोन ते चार पेठ डुलक्या घेते, ती वेळ ठरवली. सौभाग्यवतींनी स्वयंपाक एकच्या आत उरकायचं कबूल केलं. फ्रिज दोन तास बंद. पंखा बंद. मुलीने शेजारी जाऊन सासूला हळू रडायला सांगितलं. आणि वडील? त्यांच्यापाशी कसं बोलावं, या विचारात मी असतानाच त्यांनी रेडिओ बंद केला, चपला काढून हातात घेतल्या आणि मधल्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. म्हणाले, “मी दार राखतो.” त्या दिवशी तिकीट नसलेला एकही आवाज त्यांनी आत सोडला नाही.

आईने सुई घातली, धागा ओढला, आणि सुरुवात केली. आधी मला फक्त तिचा श्वास ऐकू आला. मग पहिली ओळ. हेडफोनमध्ये तो आवाज इतक्या जवळून आला, की मी पाच वर्षांचा असताना तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजायचो त्या अंतरावरून आला. ती भावावर गायली, माहेरच्या वाटेवर गायली, गेलेल्या धाकट्या बहिणीवर गायली. या बहिणीचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्यावरही गायली. मी नोकरीला लागलो त्या वर्षी तिने चार ओव्या केल्या होत्या. गेली अठरा वर्षं त्या ती स्वयंपाकघरात म्हणत असणार, आणि मी पलीकडच्या खोलीत लोकसाहित्याची टाचणं काढीत असणार.

नऊ दुपारी हे चाललं. एकशे त्रेचाळीस ओव्या झाल्या. आठव्या दिवशी आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाने सामना जिंकला. कोल्हापुरात याचा अर्थ काय होतो, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. गल्लीच्या तोंडाशी पुंगळ्या काढलेल्या मोटारसायकलींचा गडगडाट सुरू झाला. आई थांबली. वडील उठले आणि तसेच अनवाणी बाहेर गेले. ते काय बोलले मला माहीत नाही. पण गडगडाट एकदम बंद पडला, आणि दाराच्या फटीतून मी पाहिलं: गुलालाने माखलेली ती वीस-पंचवीस पोरं गाड्या हातांनी ढकलत, एक शब्द न बोलता, आमच्या दारावरून पुढे जात होती.

कोल्हापूरला आवाजाची आठवण जुनी आहे. याच गावात प्रभात कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट केला. तेव्हा गाणं आणि चित्र एकाच वेळी टिपावं लागे. गोविंदराव टेंबे राजा हरिश्चंद्र होऊन कॅमेऱ्यासमोरच गात. मला राहून राहून आठवत होते ते अल्लादियाखाँसाहेब. शाहू महाराजांच्या पदरी ते दरबारगवई होते. तरुणपणी अति गाण्याने त्यांचा मूळचा आवाज गेला आणि बदललेल्या आवाजाला साजेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली, असं जाणकार सांगतात. आपला आवाज त्यांनी तबकडीवर काही उतरू दिला नाही. १९४६ मध्ये ते गेले, आणि तो गळा ऐकलेल्यांच्या आठवणीत उरला. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा सूर मात्र १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून सूर्यमालेबाहेर निघाला. ठेवलेला आवाज आणि न ठेवलेला आवाज, यांत एवढं अंतर पडतं.

शस्त्रक्रिया नीट झाली. गाठ साधी निघाली. महिन्याभराने आईचं बोलणं पूर्ववत झालं. पण डॉक्टर म्हणाले होते तेच घडलं. ओवीच्या दुसऱ्या ओळीत ती जिथे आवाज उचलायची, तिथे आता नुसता वारा येई. दोन-तीनदा तिने प्रयत्न केला आणि सोडून दिला. मला वाटलं, आता तिला ते ध्वनिमुद्रण ऐकवावं की ऐकवू नये? गेलेली वस्तू समोर धरण्यात कसला शहाणपणा? पण पाडव्याच्या दिवशी तिनेच विचारलं, “त्या डबीत काय भरलंस, ते दाव की.”

आम्ही सगळे मधल्या खोलीत बसलो. मी तिच्या कानांवर हेडफोन ठेवला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मी तिचा चेहरा वाचीत होतो. डोळ्यांत पाणी येतं का, ओठ थरथरतात का. तसं काही झालं नाही. एका जागी ती हसली. एका जागी “ही चुकली” असं पुटपुटली. बऱ्याच वेळाने हेडफोन काढला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “घर एवढं गप कसं हुतं रं त्या येळी?”

मी म्हटलं, “तू गात होतीस ना.”

“गात तर मी रोजच हुते,” ती म्हणाली, आणि पोळ्या करायला उठली.

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. वडिलांनी मात्र त्या दिवशी रेडिओ लावला नाही.

माइक अजून मधल्या खोलीत आहे. वाकळीही टांगलेल्याच आहेत. शिवायला घेतलेली ती नवी वाकळ पुरी होऊन तीही भिंतीवर चढली. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता वडील उठून पंखा बंद करतात आणि दाराबाहेर खुर्ची टाकतात. आई आता खालच्या पट्टीत गाते. दुसऱ्या ओळीत आवाज उचलायचा असतो तिथे ती तो उचलीत नाही, जरासा वळवून खाली आणते. हे वळण तिचं तिनेच शोधून काढलं आहे. पावणेतीन हजारांच्या माइकला ते स्वच्छ ऐकू येतं. हल्ली आम्हालाही येतं.